ऑस्ट्रेलियन झाडे आणि उपनगरांतला पाऊस

मुंबईच्या उपनगरांतील बागेचे वर्ष दोन अत्यंत विषम भागांत विभागलेले असते. भारतीय हवामान विभागाच्या सर्वसाधारण तारखांनुसार मोसमी पाऊस शहरात ११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो, तर उरलेल्या आठ महिन्यांत जवळजवळ काहीच पडत नाही. अंधेरीतील गच्ची, बोरिवलीतील सोसायटीचे आवार, घाटकोपरच्या टेकडीउतारावरील अरुंद वाफा किंवा मुलुंडच्या डोंगरपायथ्याची मुरमाड जमीन, यांपैकी कुठेही नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत बाग जगते ती केवळ नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यावर. अशा परिस्थितीत कमी पाण्यावर तगणारी आणि फारशी देखभाल न मागणारी झाडे म्हणून ऑस्ट्रेलियातील जातींकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. बॉटलब्रश, सुरू, फॉक्सटेल पाम, सिल्व्हर ओक आणि निलगिरी ही झाडे उपनगरांत इतकी रुळली आहेत, की त्यांचे परकेपण बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तथापि ‘ऑस्ट्रेलियन म्हणजे काटक’ हे समीकरण अर्धेच खरे आहे. या झाडांची उपनगरांतील कसोटी मे महिन्यात लागत नाही, ती जुलैमध्ये लागते. आणि झाडाची निवड, जागा, माती व लागवडीची वेळ हे सर्व या एका गोष्टीवरून ठरवावे लागते.

ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भागांतील जमीन अतिशय जुनी, झिजलेली आणि पोषणद्रव्यांच्या बाबतीत गरीब आहे, आणि पाऊस कमी तर आहेच, शिवाय बेभरवशाचाही आहे. अशा ठिकाणी टिकून राहिलेल्या वनस्पतींनी पाणी वाचवण्याच्या निरनिराळ्या युक्त्या साधल्या आहेत. सुरूच्या झाडावर सुईसारखी पाने दिसतात, ती पाने नसून हिरव्या, सांधेदार, बारीक फांद्या असतात; खरी पाने प्रत्येक सांध्याभोवतीच्या सूक्ष्म दातऱ्यांएवढी उरलेली असतात आणि अन्न तयार करण्याचे काम फांदीच करते. ज्या झाडाला महाराष्ट्रात ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा नुसते आकेशिया म्हणतात, त्याच्या मोठ्या वयात पानाचे पाते उगवतच नाही. पानाचा देठच रुंद आणि चपटा होऊन कोयत्याच्या आकाराचे पान बनतो आणि त्यातून पाणी कमी उडते. निलगिरीची मोठ्या वयातील पाने देठापासून खाली लोंबतात, त्यामुळे भर दुपारचे ऊन त्यांच्या कडेवर पडते, पृष्ठभागावर नाही. बॉटलब्रशची पाने अरुंद, चिवट आणि चामड्यासारखी जाड असतात. या साऱ्या युक्त्यांच्या जोडीला खोल किंवा दूरवर पसरणाऱ्या मुळांचे जाळे असते, आणि वस्तुतः झाडाचा काटकपणा पानांपेक्षा मुळांत अधिक असतो.

येथे एक भौगोलिक बाब लक्षात घ्यावी लागते, जी रोपवाटिकेतील पाटीवर कधीच लिहिलेली नसते. ऑस्ट्रेलिया हे एक संपूर्ण खंड असून त्याच्या निरनिराळ्या भागांतील पावसाचे वेळापत्रक एकमेकांच्या नेमके उलट आहे. नैऋत्य टोकाच्या पर्थ शहरात वर्षाला सुमारे साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक भाग तेथील हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्ट या थंड महिन्यांत पडतो. उन्हाळा तेथे कोरडा असतो. खंडाच्या मध्यावरील अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हा खरा शुष्क प्रदेश. उत्तरेकडील डार्विनला मात्र सतराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो तेथील उन्हाळ्यात, नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कोसळतो, म्हणजे तेथे आपल्यासारखाच मोसमी पाऊस आहे. ईशान्य किनाऱ्यावरील टाउन्सव्हिल हे शहर तर मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला जेवढ्या अंशांवर आहे जवळपास तेवढ्याच अंशांवर दक्षिणेला, म्हणजे एकोणीसच्या आसपास वसलेले आहे, आणि तेथेही उन्हाळी पावसानंतर दीर्घ कोरडा हंगाम येतो.

पर्थच्या बाजूची झाडे कोरड्या उन्हाळ्याला सरावलेली असतात, पण उष्णता आणि पाणी या दोन गोष्टी एकाच वेळी त्यांच्या मुळांशी कधी आलेल्या नसतात. मुंबईच्या जुलैमध्ये नेमके तेच घडते. उबदार, पाण्याने भरलेल्या मातीत फायटोफ्थोरा या नावाने ओळखला जाणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव वेगाने वाढतो. तो पाण्यातून पोहत जाणाऱ्या बीजाणूंच्या साहाय्याने मुळांपर्यंत पोहोचतो आणि मुळे कुजवतो. विदर्भातील संत्राउत्पादकांना हा शत्रू ‘डिंक्या’ रोगाच्या रूपाने चांगला परिचित आहे, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील जंगलांतही याच गटातील एका जातीने मोठ्या क्षेत्रावरील झाडे वाळवली आहेत. बागेत या रोगाचे लक्षण फसवे असते, कारण मुळे गेल्यामुळे पाने कोमेजतात, बागकाम करणाऱ्याला झाड तहानलेले वाटते आणि तो आणखी पाणी घालतो. म्हणून निवडीचा पहिला नियम असा, की झाड ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किंवा पूर्व किनारपट्टीवरचे असावे, आणि नैऋत्य भागातील बँक्सिया, कांगारू पॉ यांसारख्या आकर्षक जाती जमिनीत लावण्याच्या भरीस पडू नये. कांगारू पॉ हवेच असेल, तर ते कुंडीत लावून जून ते सप्टेंबर पावसाच्या थेट माऱ्याबाहेर, उजेड असलेल्या छपराखाली ठेवावे लागते, आणि एवढे करूनही ते फार वर्षे टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

उत्तर ऑस्ट्रेलियाचे हवामान आपल्याशी मिळतेजुळते असल्याचा सर्वांत चांगला पुरावा वनस्पतींनीच दिलेला आहे. काटेसावर, सातवीण, समुद्रकाठची उंडी, भेंडी, पांगारा, तुणी, समुद्रफळ आणि खाडीतील तिवर ही कोकणपट्टीच्या ओळखीची झाडे उत्तर किंवा पूर्व ऑस्ट्रेलियातही मूळचीच मानली जातात. ज्याला कोरडे आठ महिने आणि चिंब चार महिने दोन्ही सोसणारे ‘ऑस्ट्रेलियन’ झाड आवारात हवे आहे आणि ज्याच्याजवळ मोठ्या झाडाला पुरेल एवढी जागा आहे, त्याला काटेसावर किंवा उंडी लावून दोन्ही खंडांचे समाधान एकाच खड्ड्यात साधता येते. काटेसावरीचे खोड काटेरी असल्याने ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, आणि सातविणीच्या फुलांचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील उग्र वास शेजाऱ्यांना मानवेलच असे नाही, एवढी खबरदारी मात्र घ्यावी.

प्रत्यक्ष निवडीत पहिला मान बॉटलब्रशला द्यावा लागतो. जुन्या नावाने कॅलिस्टेमॉन आणि नव्या वर्गीकरणानुसार मेलालुका या प्रजातीत गणल्या जाणाऱ्या या गटातील लोंबत्या फांद्यांची जात, मेलालुका व्हिमिनॅलिस, क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्समधील ओढ्यांच्या काठी वाढते. ओढा पावसाळ्यात दुथडी भरून वाहतो आणि नंतर महिनोन्‌महिने कोरडा पडतो; त्यामुळे मुळांशी काही काळ पाणी साचणे आणि नंतर दीर्घकाळ न मिळणे या दोन्ही गोष्टींची या झाडाला सवय असते. उपनगरांत ते दुभाजकांवर, धुळीत आणि धुरातही तग धरते, याचे कारण हेच. फुलाचा तांबडा ब्रश हा पाकळ्यांचा नसून पुंकेसरांचा, म्हणजे परागकण धारण करणाऱ्या तंतूंचा असतो, आणि त्यातील मधासाठी सूर्यपक्षी आवर्जून येतात. झाड सरळ उन्हात लावावे. सावलीत ते जगते, पण फुलत नाही, आणि उंच इमारतींच्या मधल्या चौकात लावलेल्या अनेक बॉटलब्रशांची हीच शोकांतिका आहे.

बॉटलब्रशची छाटणी केव्हा करावी यावर पुढील फुलोरा अवलंबून असतो, आणि सोसायट्यांच्या बागांत सर्वाधिक चुका येथेच होतात. फुलोऱ्याच्या टोकातून फांदी पुढे वाढत राहते आणि फुले गेल्यावर त्या जागी देठाला चिकटलेल्या लाकडी बोंडांची रांग उरते. ही बोंडे वर्षानुवर्षे तशीच राहतात आणि फांदी उघडी, लांबोडी दिसू लागते. फुले वाळताच लगेच, वाळलेल्या फुलोऱ्याच्या किंचित मागे कात्री लावली, तर त्याखालून अनेक नवे फुटवे येतात आणि झाड घेरदार होते. त्याऐवजी माळ्याने पावसाळ्यापूर्वीची सरसकट कापणी म्हणून सगळे शेंडे उडवले, तर फुलण्याच्या तयारीतील शेंडेच नाहीसे होतात. जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत खोल कापणी एकदम करू नये. ती दोन-तीन वर्षांत विभागावी. इमारतीच्या बांधकामाचा राडारोडा मिसळलेल्या जमिनीत सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी झालेली असते, अशा मातीतील लोह मुळांना घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे खताच्या कमतरतेचे लक्षण समजून युरिया घालण्यात अर्थ नाही. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारल्यास तात्पुरता फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे लागवडीपूर्वीच तो राडारोडा काढून टाकणे हा होय.

नव्या गृहसंकुलांच्या प्रवेशद्वाराशी रांगेने दिसणारा फॉक्सटेल पाम हाही क्वीन्सलंडचाच रहिवासी. केप मेलव्हिल या दुर्गम भागात ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांमध्ये वाढणाऱ्या या पामला १९८३ साली वोडियेशिया बायफर्काटा हे शास्त्रीय नाव मिळाले. तोवर वनस्पतिशास्त्राला अपरिचित असलेले हे झाड अवघ्या काही दशकांत जगभरच्या उष्ण शहरांत पोहोचले. शिळांच्या फटींतून पाणी झटकन निचरून जात असल्याने त्याला भरपूर पाऊस चालतो, पण साचलेले पाणी चालत नाही. म्हणून ते जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे उंचावर लावावे आणि लावताना बुंधा पूर्वीपेक्षा खोल गाडू नये. जुनी पाने स्वतःहून गळतात, त्यामुळे ती कापत बसण्याची गरज नसते. परंतु पूर्ण वाढलेल्या झाडाचे पान देठासकट जड असते, हे ध्यानात घेऊन वाहने उभी करण्याच्या जागेलगत किंवा बाकांजवळ ते लावू नये. जुन्या पानांवर पिवळे ठिपके आणि करपलेली टोके दिसली, तर पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडत असल्याचे समजावे.

सुरू हे कोकणाच्या किनाऱ्याचे इतके जुने ओळखीचे झाड आहे, की कारवारच्या किनाऱ्यावर वनखात्याने १८६८ पासून त्याची लागवड केल्याचा इतिहास वाचून वाचकास कदाचित नवल वाटेल. खारे वारे व रेताड जमीन सोसण्याची आणि मुळांवरील गाठींत राहणाऱ्या फ्रँकिया या जीवाणूच्या मदतीने हवेतील नत्र मिळवण्याची क्षमता, यांमुळे वर्सोवा, गोराई, मनोरी या खाडी व समुद्राजवळच्या जागांसाठी ते उपयुक्त ठरते. बागेत मात्र त्याला झाड म्हणून मोकळे वाढू देण्याऐवजी लहानपणापासून कात्रीखाली ठेवून दाट कुंपण करावे. त्याच्या गळलेल्या काड्यांचा जाड थर खाली दुसरे काही उगवू देत नाही. कुंपणाखाली हे सोयीचेच असते, फुलझाडांच्या वाफ्याशेजारी मात्र नसते.

ग्रेव्हिलिया गटाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण हा गट ज्या कुळात मोडतो त्या प्रोटिएसी कुळाची मुळे इतर झाडांपेक्षा वेगळी वागतात. स्फुरद अत्यल्प असलेल्या जमिनीतून तो खरवडून घेण्यासाठी या झाडांना बारीक मुळांचे दाट झुपके फुटतात. या झुपक्यांतून सेंद्रिय आम्ले पाझरतात आणि मातीला घट्ट धरून बसलेला स्फुरद सुटा करतात. ही यंत्रणा इतकी कार्यक्षम असते, की स्फुरद मुबलक मिळाला तर झाडाला तो थांबवता येत नाही आणि त्याची विषबाधा होते. पानांच्या कडा करपतात व रोप हळूहळू वाळते. त्यामुळे ग्रेव्हिलियाच्या खड्ड्यात बोनमील, सुपर फॉस्फेट, डीएपी किंवा १९:१९:१९ यांपैकी काहीही घालू नये, आणि तयार मिळणाऱ्या कुंडीच्या मिश्रणात बहुधा बोनमील असतेच, म्हणून ते वापरण्यापूर्वी विक्रेत्याला विचारून घ्यावे. लाल फुलांचा ग्रेव्हिलिया बँक्सी हे मध्यम उंचीचे झुडूप उंचवट्यावर लावल्यास उपनगरांत फुलू शकते. मात्र त्याच्या स्पर्शाने काहींच्या त्वचेला पुरळ येते, म्हणून छाटणी हातमोजे घालून करावी आणि ते पायवाटेच्या कडेला लावू नये. याच प्रजातीतील सिल्व्हर ओक दक्षिणेतील चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावला जातो. तो तीस मीटरपर्यंत उंच होतो आणि त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शहरात शेकडो झाडे कोसळली, हे आठवल्यास दोन इमारतींमधल्या वीस फुटांच्या पट्ट्यात हे झाड का असू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

लहान जागेसाठी हंगामी रोपेही आहेत. हेलिक्रायसम किंवा कागदी फूल म्हणून ओळखले जाणारे रोप मूळचे ऑस्ट्रेलियाचेच असून त्याचे बी ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण ओसरल्यावर पेरल्यास जानेवारी ते मार्च या काळात फुले मिळतात. फुले पूर्ण उमलण्याआधी तोडून उलटी टांगून वाळवली, की वर्षभर रंग धरून राहतात. निळ्या-जांभळ्या पंख्यासारख्या फुलांचा स्केव्होला टांगत्या कुंडीत शोभतो. ही दोन्ही रोपे पावसाळा पाहण्याआधीच आपले काम आटोपतात, त्यामुळे निचऱ्याची चिंता त्यांच्या वाट्याला येत नाही.

जे लावू नये त्याची चर्चा जे लावावे त्याइतकीच महत्त्वाची आहे, विशेषतः बोरिवली आणि मुलुंडमध्ये, कारण या दोन्ही उपनगरांच्या कुंपणाला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे एकशे चार चौरस किलोमीटरचे जंगल सुरू होते. ऑस्ट्रेलियन बाभूळ हवामानाच्या दृष्टीने उपनगरांना अगदी अनुकूल आहे. ती उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतील असून निकृष्ट मुरमातही भराभर वाढते, आणि म्हणूनच कोकणात व गोव्यात तिची सरकारी लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. परंतु तिच्या बियांना नारिंगी रंगाचा खाद्य धागा असतो, पक्षी त्यासाठी बिया नेतात, आणि जंगलाच्या कडेने तिची रोपे आपोआप उगवू लागतात. जे झाड बागेत कौतुकास्पद काटकपणा दाखवते, तेच जंगलात अतिक्रमक ठरते, आणि राष्ट्रीय उद्यानालगतच्या आवारात ते लावण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. निलगिरीची बाब वेगळी आहे. १९८० च्या दशकातील सामाजिक वनीकरणापासून तिच्याविषयी भरपूर वाद झाले आहेत, पण सोसायटीपुरता प्रश्न साधा आहे: ती फार उंच होते, भूजल झपाट्याने खेचते आणि तिच्या पाचोळ्याखाली इतर रोपे नीट वाढत नाहीत. मोठ्या पानांचा छत्रीसारखा शेफ्लेरा, म्हणजे शेफ्लेरा अ‍ॅक्टिनोफिला, दिवाणखान्यातील कुंडीत देखणा दिसतो. जमिनीत लावल्यास त्याची मुळे सांडपाण्याच्या नळांत शिरतात. लहान पानांचा, घरोघरी दिसणारा शेफ्लेरा हा निराळा असून तो तैवानकडचा आहे. कोणतेही मोठे झाड लावण्यापूर्वी हेही लक्षात ठेवावे, की महाराष्ट्रातील १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार नागरी भागातील झाड खासगी आवारात असले तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. चुकीच्या जागी लावलेले झाड दहा वर्षांनी काढणे हे लावण्याइतके सोपे नसते.

जागा निश्चित झाल्यावर मातीतून पाण्याचा निचरा कसा होतो ते तपासावे. सुमारे एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो पाण्याने काठोकाठ भरावा, पाणी पूर्ण जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पाणी उतरायला किती वेळ लागतो ते पाहावे. तीन-चार तासांत खड्डा रिकामा झाला तर निचरा पुरेसा आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर त्या जागी खड्डा करून झाड लावणे म्हणजे रोपाला पावसाळाभर बादलीत उभे करणे होय. मुलुंड आणि घाटकोपरच्या उतारांवर मुरमामुळे निचरा बहुधा चांगला असतो. अंधेरी आणि बोरिवलीच्या पश्चिमेकडील खाडीच्या भरावाच्या जमिनीत तो बहुधा वाईट असतो. वाईट निचऱ्याच्या जागी खड्ड्याऐवजी उंचवटा करावा: स्थानिक माती, मुरूम आणि जाड रेती एकत्र करून दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद ढीग घालावा, त्याच्या माथ्यावर रोप लावावे आणि पाणी वाहून जाईल अशी चर एका बाजूला काढावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; एवढ्या पावसापुढे कोणतीही चर अपुरीच ठरते, परंतु दरवर्षी येणाऱ्या दोनशे-अडीचशे मिलिमीटरच्या दिवसांना ती पुरते.

कुंडीत आणि गच्चीवर सगळेच गणित बदलते. झाडाचा काटकपणा मुळांच्या विस्तारात असतो आणि कुंडी नेमका तोच काढून घेते. त्यामुळे चौदा इंचांच्या कुंडीतील बॉटलब्रश एप्रिल-मेच्या उन्हात जवळजवळ रोज पाणी मागतो, आणि ‘हे झाड दुष्काळ सोसते’ या भरवशावर सुट्टीसाठी गावी गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर त्याच्या वाळक्या फांद्या पाहाव्या लागतात. म्हणून कुंडी शक्य तेवढी मोठी, निदान अठरा इंचांची घ्यावी. नुसती लाल माती चिकट होऊन बसते. तिच्यात तितकाच भाग जाड रेती किंवा वीटचूर आणि थोडे कुजलेले पानखत मिसळावे. कोकोपीट पाणी धरून ठेवते, त्यामुळे ते उन्हाळ्यात उपकारक असले तरी जुलैत घातक ठरते. त्याचे प्रमाण एक पंचमांशाच्या वर नेऊ नये. कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि तिच्याखालची थाळी जूनच्या आधी काढून टाकावी. थाळीत साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, आणि महापालिकेची कीटकनाशक पथके घरोघरी याचीच तपासणी करतात. गच्चीवर वाफे बांधण्याचा विचार असेल, तर वजनाचा हिशेब आधी करावा. ओली माती घनमीटरला सुमारे अठराशे किलो भरते, म्हणजे एक फूट जाडीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोंहून अधिक भार टाकतो, तर वावरासाठी खुल्या गच्चीवरील वापराचा भार आराखड्यात सामान्यतः चौरस मीटरला दीडशे किलोच धरलेला असतो. संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय गच्चीवर सलग वाफे करू नयेत. भिंतींच्या आणि तुळयांच्या वर ठेवलेल्या सुट्या कुंड्या हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

लागवडीची वेळ झाडानुसार ठरते. बॉटलब्रश, सुरू आणि पाम ही जमिनीत लावायची झाडे पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर, जूनअखेर ते जुलै या काळात लावावीत, म्हणजे पावसाच्या पाण्यावरच मुळे खोल जातात. ग्रेव्हिलिया आणि नाजूक मुळांच्या इतर जातींसाठी मात्र वृक्षारोपणाच्या प्रथेप्रमाणे जूनची घाई न करता ऑक्टोबरच्या मध्यानंतरचा काळ निवडावा. या रोपांना पहिला पावसाळा येईपर्यंत सात-आठ महिने मिळतात आणि तोवर त्यांची मुळे सावरलेली असतात. रोप उंच असण्यापेक्षा तरुण असणे चांगले. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गुंडाळलेली असतात, आणि तशीच लावली तर ती त्याच वर्तुळात वाढत राहून काही वर्षांनी झाड वाऱ्यात उन्मळते. आरे वसाहतीतील किंवा अन्य कोणत्याही रोपवाटिकेतून रोप घेताना पिशवीच्या तळाच्या भोकांतून जाड मुळे बाहेर आली आहेत काय, हे पाहून घ्यावे.

पाणी थोडेथोडे रोज देण्याऐवजी क्वचित पण भरपूर द्यावे, हे तत्त्व जमिनीतील झाडांसाठी काटेकोरपणे पाळावे. पहिल्या कोरड्या हंगामात आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर, दुसऱ्या वर्षी दहा-बारा दिवसांतून एकदा, आणि त्यानंतर केवळ एप्रिल-मेमध्ये गरज दिसल्यास, असा क्रम ठेवला तर मुळे ओलाव्याच्या शोधात खाली जातात. रोजच्या शिंपणाने ती वरच्या दोन इंचांत अडकून राहतात. बुंध्याभोवती पाचोळ्याचा तीन-चार बोटे जाड थर द्यावा, मात्र तो खोडाला टेकू नये आणि पावसाळ्याच्या तोंडावर दूर सारावा. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी खारट असल्यास सुरू ते सहन करते, बॉटलब्रश काही प्रमाणात सहन करतो, ग्रेव्हिलियाला मात्र ते देऊ नये. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसल्यास फांदी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन निमतेल मारावे. बहुतेक वेळा याहून अधिक काही लागत नाही.

बी पेरून झाड वाढवण्याची हौस असलेल्यांनी ऑस्ट्रेलियन जातींच्या बियांचे कठीण कवच लक्षात घ्यावे. आकेशिया गटातील बिया उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर तशाच ठेवाव्या लागतात, बहाव्याच्या बियांसाठीही कित्येक जण हाच उपाय करतात. बॉटलब्रशची बी मात्र धुळीसारखी बारीक असते, आणि ती पेरण्यापेक्षा पावसाळ्यात अर्धपक्व फांदीची कलमे लावणे अधिक खात्रीचे असते. सिडनी किंवा मेलबर्न येथे स्थायिक झालेल्या नातलगांकडून टपालाने बियांची पाकिटे मागवण्याचा मोह उपनगरांतील अनेक घरांत असतो. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून बियाणे वा रोपे आणण्यासाठी आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. संगरोध म्हणजे रोग-किडींचा प्रवेश रोखण्यासाठी केलेली तपासणी व अटकाव. ही कागदपत्रे नसलेले पाकीट जप्त होऊन नष्ट केले जाऊ शकते. शिवाय अशा पाकिटांतील जाती बहुधा पर्थच्याच बाजूच्या निघतात.